ज्यूरीची तिसरी चिठ्ठी

१

एक, दोन, चार.

अर्डिस टोलेफसनने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत लावला आणि परत मोजलं. एक, दोन, चार. तीन नंबरची चिठ्ठी नव्हती. फाइल उलटी धरून झटकली तर एक टाचणी तेवढी पडली.

"झालं! एवढंच राहिलं होतं," ती टाचणीला म्हणाली.

विस्कॉन्सिनमधल्या मार्लो काउंटीच्या कोर्टात ती एकतीस वर्षं मुख्य कारकून होती, आणि एवढ्या वर्षांत तिने एकही फाइल अपुरी वर पाठवली नव्हती. ही फाइल होती गेलन विटची. चोवीस वर्षांचा पोरगा, शेतांवरून दूध गोळा करणारा ट्रक चालवायचा. शेजाऱ्याचं कोठार जाळलं म्हणून जानेवारीत ज्यूरीच्या बारा जणांनी त्याला दोषी ठरवलं होतं आणि न्यायाधीश हॉगननी आठ वर्षं ठोकली होती. त्याने अपील केलं होतं. सगळे कागद आज शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मॅडिसनला, वरच्या कोर्टाकडे रवाना व्हायला हवे होते. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

ज्यूरी एकदा खोलीत बंद झाली की बाहेरच्या जगाशी फक्त चिठ्ठीने बोलते. या ज्यूरीचा प्रमुख होता भूमितीचा निवृत्त मास्तर. त्याने प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात गोल काढून आत आकडा टाकला होता. एकमध्ये त्यांनी रस्त्याचा नकाशा मागितला होता. दोनमध्ये, आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला नाही त्याचं काय समजायचं, असं विचारलं होतं. चारमध्ये लिहिलं होतं, 'आमचं एकमत झालं आहे.' आता भूमितीचा मास्तर दोननंतर चार लिहील का?

डोकं शांत करायला ती कॉफीत दूध घालायला फ्रीजकडे गेली आणि आणखी तापली. आतमध्ये कोणाचं तरी बुरशी आलेलं सूप होतं. फ्रीजच्या दारावर तिने स्वतः लिहिलेल्या ताकिदी ओळीने चिकटवलेल्या होत्या, तारखेसकट: ग्लेनिसच्या आंबलेल्या दह्याबद्दल, ऑरविलच्या न खाल्लेल्या सँडविचबद्दल, सरकारी वकिलांच्या चीजबद्दल. कोणी वाचेल तर शपथ.

परत आली तर खिडकीशी मिसेस विट उभ्या. गेलनची आई. दर शुक्रवारी यायच्या, अंड्यांच्या गिऱ्हाइकांकडे जाता जाता.

"गेले का हो कागद, बाई?"

"जातील. आज जातील."

"मी काय म्हणते, मीच जाते मॅडिसनला. त्या वरच्या जज लोकांना सांगते की त्या संध्याकाळी गेलन माझ्याबरोबर गोठ्यात होता."

"मिसेस विट, किती वेळा सांगू! तिथे साक्षीदार उभे करत नाहीत. तीन न्यायाधीश बसतात आणि कागद वाचतात. इथे खटल्यात चूक झाली का, एवढंच बघतात. कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही."

"मग वॉशिंग्टनला लिहू?"

अर्डिसने कपाळाला हात लावला. "ती कोर्टं देशाची. आपलं प्रकरण राज्याच्या कायद्याचं. आधी मॅडिसन, पुढचं पुढे."

मिसेस विट खिडकीशी वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या ज्यूरीतली एक बाई मला किराणा दुकानात भेटली. रडत होती. म्हणाली, 'शेजारणीने नक्की काय पाहिलं ते आम्ही विचारलं होतं हो, चिठ्ठीत लिहून. पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही.'"

अर्डिसने कॉफी खाली ठेवली.

२

शेजारणीच्या साक्षीवरच तर सगळा खटला उभा होता. तिने गेलनचा ट्रक कोठारापाशी पाहिला होता, असं ती म्हणाली होती.

आणि ज्यूरीने तिच्याबद्दल विचारलेला प्रश्न फाइलमध्ये नव्हता. त्या रडणाऱ्या बाईचा उपयोग नव्हता, कारण ज्यूरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते कोर्ट सहसा ऐकून घेत नाही. कागदच हवा होता.

अर्डिस कॉरिडॉरमध्ये आली. ज्यूरीच्या खोलीच्या ओकच्या दाराशेजारी, बावीस वर्षांच्या नेहमीच्या खुर्चीत बेलिफ ऑरविल झास्ट्रो बसला होता, मांडीवर पत्र्याचा जेवणाचा डबा. एकाहत्तर वर्षांचा, अंगाने आडवा. चिठ्ठ्यांची ने-आण करणं, दार राखणं हे त्याचं काम. अर्डिसचा नवरा वारला तेव्हा महिनाभर तिच्या दारातला बर्फ याने फावड्याने काढला होता, न सांगता.

"ऑरविल, विटच्या खटल्यात चिठ्ठ्या किती आल्या रे?"

"जेवढ्या आल्या तेवढ्या साहेबांना दिल्या."

"किती, ते विचारतेय."

"अगं, मी काय मोजत बसतो? दारावर टकटक झाली की उठायचं, चिठ्ठी घ्यायची, चालायला लागायचं." त्याने डबा जरा जवळ ओढला.

सरकारी वकील कर्टिस ब्रँड जिन्यात भेटला. तिशीचा, सतत घाईत. "तीन नंबर? अर्डिस, त्या मास्तराने जेवणाच्या यादीलाही नंबर टाकला असेल! बारा उपाशी माणसं. संपलं. पाठवून दे."

"असेल म्हणून फाइल पाठवत नसतात."

"तुझ्यापायी एक दिवस मला वेड लागणार आहे."

"रांगेत उभा राहा," अर्डिस म्हणाली आणि न्यायाधीशांच्या दालनात शिरली.

हॉगनसाहेब प्रचाराच्या पत्रकांच्या गठ्ठ्याआड बसले होते. मंगळवारी निवडणूक होती. या राज्यात न्यायाधीशही मतांवर निवडून येतो, आणि साहेबांपुढे या खेपेला तगडा उमेदवार होता.

"चिठ्ठी आली की मी काय करतो, अर्डिस? दोन्ही वकिलांना बोलावतो, आरोपीला आणतो, सगळ्यांसमोर वाचतो, सगळ्यांसमोर उत्तर देतो. जे माझ्या हातात आलं ते मी वाचलं."

"नंबर वाचले नाहीत."

"नंबर कोण वाचतं!" साहेब चिरडीला आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. फाइल बुधवारी गेली तर काय आकाश कोसळणार आहे? मंगळवार होऊन जाऊ दे."

अर्डिस त्यांच्याकडे बघतच राहिली. फाइल तिच्या कपाटातून फक्त एकदा बाहेर गेली होती. मागच्या आठवड्यात, याच दालनात.

३

संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, अर्धामुर्धा नको, असा अर्डिसचा स्वभाव. पण ब्रँडचं म्हणणं आधी निकालात काढायला हवं होतं. कोर्टाच्या कामातून दुपारी तीनला सुटका झाली तेव्हा ती कोट चढवून रस्ता ओलांडून टिलीच्या खानावळीत गेली. ज्यूरीचं जेवण तिथूनच यायचं.

"जानेवारीतली यादी? आहे की!" टिलीने गल्ल्याखालून सिगारचा लाकडी खोका काढला. "मी कोर्टाची एकही यादी फेकत नाही. मागे एका ज्यूरीने मी एक जेवण कमी पाठवलं म्हणून माझ्यावर आळ घेतला होता. आठवतंय ना?"

"मला कशाला आठवेल!"

"तूच तर सांगायला आली होतीस."

पिवळा कागद निघाला. मास्तराचंच अक्षर, नीट ओळी. अर्डिसने आधी कोपरा बघितला. गोल नव्हता आणि आकडाही नव्हता. म्हणजे जेवणाच्या यादीला नंबर नव्हता. ब्रँडचा तर्क उडाला. तिसरी चिठ्ठी वेगळीच होती, आणि ती खरोखर होती.

मग तिने यादी वाचली. ज्यूरीतल्या लोकांची नावं कधी लिहीत नाहीत, त्यांना खुर्चीचे नंबर असतात. एक: मासा. दोन: मासा. तीन: चिकनचं सूप. शुक्रवार होता, त्यामुळे निम्म्यांना मासाच हवा होता. असं करत बारा. आणि खाली आणखी एक ओळ: 'गरम चीज सँडविच, एक. कॉफी एकूण तेरा.'

"टिली, तू जेवणं किती दिलीस?"

"तेरा. यादीत तेरा, म्हणून तेरा."

"कोणाच्या हातात?"

"मला आत कोण सोडतंय! दाराबाहेर टेबलावर ठेवली आणि पळाले. आठवत नाही का, तुमचा बॉयलर बिघडला होता त्या दिवशी. त्या कॉरिडॉरमध्ये माझं तर नाक गोठलं."

ज्यूरी बारा जणांची. खोलीत तेराव्या माणसाला पाय ठेवायची परवानगी नाही. पण तेरावा कोणीतरी आत बसून गरम चीज सँडविच खात होता.

४

राखीव! अर्डिस रस्त्याच्या मधोमध थांबली आणि एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. खटला ऐकायला बारांबरोबर एक राखीव माणूस बसवतात, कोणी आजारी पडलं तर असावा म्हणून. विचारविनिमय सुरू झाला की त्याला घरी पाठवतात. तो गेलाच नसेल तर?

ऑफिसात येऊन तिने स्वतःची वही उघडली. राखीव माणूस दहा वाजून पाच मिनिटांनी सही करून गेला होता. सहीपुढे तिच्याच अक्षरात शेरा होता: 'याची गाडी बर्फातून ढकलावी लागली. मी ढकलली.' तो गेला होता, याबद्दल तिच्या कमरेलाही शंका नव्हती.

"बोंबला," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर ग्लेनिस होती, कोर्टात बोललेला शब्द न् शब्द यंत्रावर टिपून घेणारी लघुलेखिका. तिने मान वर केली. "आता काय झालं?"

"अगं, त्या दिवशी चिठ्ठी घेऊन ऑरविल किती वेळा आला?"

"मी सांगते ना. मला सवय आहे, टकटक ऐकली की कागदाच्या कडेला वेळ टाकते. आपली आणि ज्यूरीच्या खोलीची भिंत एकच आहे. आतून दारावर ठोकलं की माझा कप हलतो." तिने जुना गठ्ठा काढून चाळला. "हे बघ. दहा वीस, अकरा पाच, अकरा पन्नास, दोन चाळीस. चार वेळा."

अर्डिसने बोटांवर मोजलं. दहा वीसला नकाशा, म्हणजे पहिली चिठ्ठी. अकरा पाचला दुसरी. अकरा पन्नासला जेवणाची यादी. दोन चाळीसला चौथी, निकाल. चार टकटक आणि चार कागद. सगळा हिशोब जुळला आणि तीन नंबरला टकटकच उरली नाही.

"म्हणजे तिसरी चिठ्ठी लिहिलीच नसेल," ग्लेनिस म्हणाली.

"लिहिली. दारातून मात्र आली नाही." अर्डिस खाली बसली. साहेबांवरचा संशय तिच्या मनातून निघून गेला. चिठ्ठी दारातून बाहेरच आली नाही, तर साहेबांपर्यंत किंवा फाइलपर्यंत पोचणार कशी? ती आतच कोणाच्या तरी हातात दिली गेली. जो आधीच आत बसला होता, त्याच्या हातात. तेराव्या माणसाच्या.

"चल, डोकं नको खाऊ. कॉफी घे," ग्लेनिस म्हणाली आणि फ्रीजकडे गेली. "ए, तुझ्या या नोटिसा कधी काढणार आहेस? दोन महिने झाले, माझं दही अजून दारावर!"

अर्डिसने सहज तिकडे बघितलं. मग उठली. फ्रीजच्या दारावरची दुसरी नोटीस तिने दोन वेळा वाचली.

'सोमवार, २८ जानेवारी. ऑरविल, शुक्रवारचं तुझं लिव्हर सॉसेजचं सँडविच आज मला 'हॅलो' म्हणत होतं. फेकलं. घरचं अन्न खायचं नसेल तर आणतोस कशाला? – अर्डिस.'

निकालाचा दिवस शुक्रवारच होता. पंचवीस जानेवारी. ज्या माणसाने बावीस वर्षांत घरचं सोडून दुसरं काही खाल्लं नाही, तो त्या दिवशी उपाशी राहिला नव्हता.

तिला एकदम रडूच आलं. आणि रडू आल्याचा रागही आला.

५

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती ऑरविलच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीत बसली.

"गरम चीज सँडविच कसं होतं रे?"

ऑरविलने तिच्याकडे बघितलं नाही. डब्याकडे बघत म्हणाला, "चांगलं होतं."

"अरे देवा, ऑरविल!"

"थंडी होती गं. दुसरी चिठ्ठी द्यायला दार उघडलं तेव्हा त्यांनी माझे हात बघितले, निळे पडलेले. ती सात नंबरची बाई म्हणाली, 'म्हाताऱ्याला काय बाहेर मारताय का?' आतमध्ये छोटा हीटर होता. म्हटलं, जेवण होईपर्यंत बसतो. कोणाला सांगणार नव्हतो."

"तू शपथ घेतोस, ऑरविल! दर खटल्याला, माझ्यासमोर, हात वर करून. आत कोणाला सोडणार नाही आणि खटल्याबद्दल एक शब्द बोलणार नाही म्हणून!"

"एकच शब्द बोललो." त्याने डब्याचं झाकण दाबून धरलं. "मास्तराने चिठ्ठी लिहून ठेवली होती. म्हणाला, शेजारणीची साक्ष परत वाचून दाखवतील का? तिने ट्रकचा नंबर पाहिला की नुसता रंग, यावरून भांडतोय आम्ही. मी म्हटलं, ते काही मिळत नाही. आठवतंय त्यावर चालवा. साहेबांना असंच सांगताना मी कितीदा ऐकलंय. वाटलं, साहेब जेवायला गेलेत, कशाला हलवायचं."

"सांगायचं ते साहेबांनी. वकिलांसमोर. त्या पोरासमोर! तू कोण?"

"मी कोणी नाही."

"ग्लेनिसच्या कागदात आहे तिचं उत्तर. उलटतपासणीत ती म्हणालीय, नंबर पाहिला नाही, पांढरा ट्रक पाहिला. आणि त्या डेअरीचे अकरा ट्रक आहेत, सगळे पांढरे! एवढं वाचून दाखवलं असतं तर? तू सँडविच खाल्लंस आणि त्या पोराला आठ वर्षं झाली."

कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला मिसेस विट बाकावर बसल्या होत्या, अंड्यांची रिकामी टोपली पायाशी. कागद जाताना बघायचे म्हणून थांबल्या होत्या. दोघांनाही त्या दिसत होत्या.

"फाडलीस का चिठ्ठी?" अर्डिसने विचारलं.

ऑरविल पहिल्यांदा रागावला. "कोर्टाचा कागद? मी? काय समजतेस मला?"

त्याने डबा उघडला. सँडविच बाजूला केलं, तळाचा मेणकागद उचलला. खाली चौघडी केलेला पिवळा कागद होता. कोपऱ्यात गोल आणि गोलात तीन. नऊ आठवडे तो रोज सकाळी कागद कोर्टात आणत होता आणि संध्याकाळी घरी नेत होता.

"रोज वाटायचं, आज देईन," तो म्हणाला. "मग तुझी ती काटेकोर वही आठवायची. आणि साहेबांची निवडणूक. आणि बावीस वर्षं." त्याने कागद तिच्यापुढे धरला. "अर्डिस, तू ही पाहिली नाहीस असं नाही का होणार?"

तिच्या डोळ्यांपुढे दारातला तो बर्फ आला, फावड्याचा सकाळचा आवाज आला. मनात आणलं असतं तर झालं असतं. एका कागदाचा तर प्रश्न होता.

"नाही होणार," ती म्हणाली. "ऊठ. लिहून द्यायचंय तुला. आणि चांगल्या अक्षरात, नाहीतर परत लिहायला लावीन."

६

चार वाजून बावन्न मिनिटांनी तिने तिसऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारला. ऑरविलच्या कबुलीवर मारला. जेवणाच्या यादीवर आणि ग्लेनिसच्या वेळांच्या कागदावर मारला. मग फ्रीजच्या दारावरून सँडविचची नोटीस काढली आणि तिच्यावरही मारला. सगळ्यांच्या नकला दोन्ही बाजूंच्या वकिलांना काढल्या. साहेब दारात येऊन बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मंगळवार स्पष्ट दिसत होता.

"ही नोटीससुद्धा वर जाणार?" त्यांनी विचारलं.

"पुरावा आहे, साहेब."

साहेबांनी एक मोठा सुस्कारा सोडला. "मग जाऊ दे," ते म्हणाले, आणि चिठ्ठ्या आता रेकॉर्डचा भाग आहेत असा आदेश त्यांनी उभ्याउभ्याच सही करून दिला. मंगळवारी ते एकसष्ट मतांनी कसेबसे निवडून आले, आणि पुढे वर्षभर अर्डिसशी जेवढ्यास तेवढं बोलले.

मॅडिसनच्या तिघांनी गेलनला कधी पाहिलं नाही, त्याच्या आईलाही नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी अकरा पानांचा निकाल दिला. पाचव्या पानाच्या तळटीपेत लिव्हर सॉसेजच्या सँडविचचा उल्लेख होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: शिक्षा रद्द, खटला नव्याने चालवा.

ऑक्टोबरमध्ये नवी बारा माणसं त्याच खोलीत बंद झाली. दाराशी नवा बेलिफ होता, पस्तिशीचा आणि घुमा. बॉयलर चालू होता. कॉरिडॉरच्या बाकावर मिसेस विट बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून दोन हात अंतर ठेवून, साध्या कोटात, मांडीवर डबा घेतलेला ऑरविल. नोकरी एप्रिलमध्येच गेली होती. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"तू इथे कशाला तडमडायला आलास?" अर्डिस त्याच्यावर वसकन ओरडली.

तो काही बोलणार, एवढ्यात आतून दारावर दोनदा ठोकलं. ऑरविल अर्धा उठला. बावीस वर्षांची सवय. अर्डिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली. "तो नेतोय."

नव्या बेलिफने चिठ्ठी घेतली, एक अक्षर न बोलता दार लावलं आणि चालायला लागला. दोन्ही वकिलांना बोलावलं. गेलनला आणून बसवलं. साहेबांनी चिठ्ठी उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी, या खेपेला नंबरासकट, वाचली.

"चिठ्ठी क्रमांक एक. शेजारणीने ट्रकचा नंबर पाहिला होता की फक्त रंग? तिची साक्ष परत वाचून दाखवाल का?"

बाराही जणांना बाहेर बोलावून बसवलं. ग्लेनिसने घसा साफ केला आणि वाचलं: "मी नंबर पाहिला नाही. पांढरा होता, एवढंच सांगू शकते."

चाळीस मिनिटांनी दारावर परत ठोकलं. 'दोषी नाही' हे शब्द कोर्टाच्या उघड्या दारातून बाकापर्यंत आले तेव्हा मिसेस विटनी नुसता बाजूला हात लांबवला, आणि तिथे जो कोणी होता त्याचा हात घट्ट धरला. तो ऑरविलचा होता. त्यांना ते माहीत होतं.

अर्डिस ऑफिसात येऊन कॉफीत दूध घालायला गेली. फ्रीजमध्ये, वरच्या फळीवर, मेणकागदात गुंडाळलेलं लिव्हर सॉसेजचं सँडविच होतं. या माणसाचं करायचं तरी काय! तिने सँडविच उचललं, कॉरिडॉरमध्ये गेली आणि ते त्याच्या हातात दिलं.

"आता, माझ्यासमोर खा," ती म्हणाली.